अडीच आणि तीन पॉइंट सहा

पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी भांडले. कारण काय, तर चहा. टपरीवरून चहा मागवायचा होता म्हणून मी ओरडून विचारलं, "काका, तुम्हाला किती?" तर गाडीच्या खालून आवाज आला, "कशात?"

"कशात म्हणजे? चहा!"

"चहा ते कळलं. कपात का ग्लासात? ह्या टपरीवाल्याचा कप त्याच्या ग्लासाच्या बरोब्बर निम्मा नाही, थोडा जास्त भरतो. किती म्हणून विचारलं की कशात ते आधी सांगावं."

मी त्यांना चहाच मागवला नाही. मला तोंड आहे, हे आधीच सांगून टाकते. पैठणहून एकटी इथं येऊन बजाजनगरात खोली घेऊन राहणाऱ्या बाईला तोंड नसेल तर तिनं राहायचं कसं? पण तो माणूस रागावलाच नाही. गाडीखालून निघाला, स्वतः टपरीवर गेला आणि दोन ग्लास घेऊन आला. एक माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "हा ग्लासात एक."

आमचं दुकान टायरचं. वाळूजच्या कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर. शेठनं नवीन अलाइनमेंटचं मशीन घेतलं तेव्हा ते चालवायला मला ठेवलं. काका त्याच्या आधीपासून होते. सगळे त्यांना दोरीवाले काका म्हणायचे आणि मला ते कॉम्प्युटरबाई म्हणायचे. सात-आठ वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं, पण त्यांनी एकदाही मला नावानं हाक मारली नाही.

अलाइनमेंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. माणूस चालताना कुणाचे पंजे किंचित आत पडतात, कुणाचे बाहेर. गाडीच्या पुढच्या चाकांचंही तसंच असतं. ते किती आत, किती बाहेर, त्याला टो म्हणतात. तो जरा इकडंतिकडं झाला की टायर खात सुटतो आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. माझं मशीन तो कोनात मोजायचं, म्हणजे अंशात आणि मिनिटात. एका अंशाची साठ मिनिटं. काका मोजायचे मिलीमीटरमध्ये. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून त्यावर मासे धरायचं तंगूस ताणायचे, आणि त्या तंगुसापासून चाकाची रिम पुढं किती लांब, मागं किती लांब, ते स्टीलच्या पट्टीनं बघायचे. दोन्हींतला फरक म्हणजे टो. मग डोळे मिटून ओठातल्या ओठात पुटपुटायचे आणि मिनिटं सांगायचे. मशीनच्या आकड्याला ते एका मिनिटानंही चुकलेले मी पाहिले नाहीत. लई राग यायचा मला.

ती पट्टी म्हणजे त्यांचा जीव होता. काम झालं की पुसायची, खणाच्या एका तुकड्यात गुंडाळायची आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची. कुणी मागितली तर द्यायचे नाहीत. एकदा शेठनं काहीतरी खरवडायला मागितली, तर त्यालाही नाही म्हणाले. शेठ माझ्याकडं बघून म्हणाला, "देखो, मालिक कोण हाय तेच कळत नाय."

एकदा मात्र त्यांनी मला फाडून खाल्लं. एका गाडीच्या पुस्तकात टो लिहिला होता पॉइंट वीस अंश. मी मशीनला वीस मिनिटं घातली. काका मागं येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही.

"पॉइंट वीस म्हणजे वीस मिनिटं होय? साठातले पॉइंट वीस किती?"

"बारा," मी म्हटलं.

"मग वीस का लिहिलं? आकडा सारखा दिसला म्हणून? उद्या एखाद्याचं तोंड तुमच्या भावासारखं दिसलं तर त्याला घरी न्याल का?"

"मला भाऊ नाही," मी म्हटलं. तेही खरंच होतं. काका पट्टी पुसायला लागले. मग बाराच घातली मी.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्याचं कारण सांगते. काकांची बायको गेल्यावर ते स्वतः स्वयंपाक करायला लागले. भाकरी काकूंनीच शिकवली होती, शेवटच्या आजारपणात, पलंगावर पडल्या पडल्या. पण शिकवताना माप सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या वाटीचं, दोन माणसांचं. काका रोज तेवढंच पीठ घ्यायचे आणि डबा दोघांचा आणायचे. निम्मा मला द्यायचे.

एकदा मी म्हटलं, "काका, जगातली सगळी मापं इकडची तिकडं करता. पिठाचं निम्मं करायला काय जातंय?"

"होत नाही," ते म्हणाले.

"न व्हायला काय झालं?"

"केलं होतं एक दिवस. परातीत एवढंसं पीठ दिसलं. नाही बघवलं."

नंतर मी तो विषय काढला नाही. गपगुमान भाकरी खाल्ली. खरं सांगते, त्यांच्या भाकरीला मीठ कधी पडायचं, कधी नाही, पण माझ्या खोलीवर एकटीनं जेवण्यापेक्षा ती बरी होती.

काकूंना मी चांगलं ओळखत होते. त्या असताना एका भाऊबिजेला त्यांनी मला फराळाला बोलावलं होतं. माझं कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. संध्याकाळी गेले तर काका एकटेच खोलीत बसलेले. म्हणाले, "वर आहे गच्चीवर." वर गेले. काकू हातात ताम्हण धरून उभ्या होत्या. निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता, सगळं. कंपनीच्या शेडमागं चंद्राची कोर टेकली होती आणि काकू तिला ओवाळत होत्या. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे आमच्याकडंही आहे. मला वाटलं, माझ्यासारखंच यांचंही.

"काकू, तुम्हाला भाऊ नाही?"

"हाय की. कन्नडजवळ शेती करतो. चांगला धट्टाकट्टा हाय."

"मग?"

"ह्यांच्या पट्टीत बसला नाही." त्यांनी कोरीवर अक्षता टाकल्या. "बाराव्यांदा ओवाळते मी ह्या चंद्राला. आता तोच वळखायला लागलाय मला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काका कंपनीतली टूलरूमची नोकरी सोडून अलाइनमेंटच्या धंद्यात आले, ते या मेव्हण्याला भागीदार घेऊनच. दोघांचं दुकान चांगलं चालायचं. काका दोरीनं मोजायचे. मेव्हण्याची तऱ्हा वेगळी होती. त्याच्याकडं दोन टोकांना खिळे लावलेला एक लांब पाइप होता. टायरवर खडूनं रेघ मारायची, आणि दोन चाकांच्या रेघांमधलं अंतर त्या पाइपनं पुढून घ्यायचं, मागून घ्यायचं. एकदा एका कारखानदाराची दोन सीटांची लाल विदेशी गाडी आली. अख्ख्या गावात तशी ती एकच. काका बाहेर गेलेले होते. मेव्हण्यानं काम केलं आणि कार्डावर लिहिलं, टो तीन पॉइंट सहा मिलीमीटर. काका परत आले, मालकासमोर त्यांनी दोरी लावली, तर आकडा आला अडीच.

"हा तीन पॉइंट सहा कुठून आणला?" त्यांनी विचारलं.

"मोजलाय, दाजी."

"परत मोज."

त्यानं परत मोजला. पुन्हा तीन पॉइंट सहा. काकांनी पुन्हा दोरी बघितली, अडीच. मग मालक, चार गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या देखत काका म्हणाले, "ही गाडी तू मोजलेलीच नाहीस. खोटा आकडा लिहितोस आणि वर तोंड करून सांगतोस." मेव्हण्यानं पाइप खांद्यावर घेतला आणि चालू पडला, तो थेट कन्नडला. दुकान सहा महिन्यांत बंद पडलं.

मी काकूंना म्हटलं, "तुम्ही जायचं ना पण! तुमचा भाऊ आहे."

"ह्यांनी कधी नको म्हटलं नाही, बाई. पण माझ्या नवऱ्यानं ज्याला चारचौघांत खोटा म्हटलं, त्याच्या कपाळाला कुंकू मी कोणत्या हातानं लावू? ह्यांनी एकदा जाऊन यावं, मग मी जाईन. तोही म्हणतो, दाजी आले तर ये."

खाली आल्यावर मी काकांना तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "माझा आकडा चुकीचा असता तर मी अनवाणी गेलो असतो. पण माझा आकडा बरोबर होता." आणि तो बरोबर होताच, हे पुढं कळलं. म्हणून तर मला अजून वाईट वाटतं.

आणखी दोन दिवाळ्या झाल्या आणि काकू गेल्या. भाऊ आला होता. स्मशानात लांब लिंबाखाली उभा होता, फेट्याचा शेव तोंडाला लावून. काका बोलले नाहीत, तोही बोलला नाही. मी दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांवरही मनातल्या मनात चरफडले.

आता त्या लाल गाडीचं. तीन वर्षं झाली असतील. एका दाताच्या डॉक्टरनं कुठल्याशा गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेली ती गाडी विकत घेतली, रंगवली आणि आमच्याकडं आणली. काका आधी तिच्याकडं नुसते बघत राहिले. मग खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. चाक वळवणाऱ्या दांडीवर त्यांना पंचनं मारलेला एक ठिपका सापडला होता. जुन्या दुकानात मोजलेल्या गाडीवर ते अशी खूण मारायचे, ती त्यांचीच.

"तीच हाय," बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले. कधी नव्हे ते हाय म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून ती गाडी लावली. पुस्तकात दोन्ही चाकांचा मिळून टो वीस मिनिटं लिहिला होता. मशीनवर मी वीस मिनिटं आणली. काकांनी तंगूस ताणलं आणि पट्टी लावली, अडीच मिलीमीटर. डोळे मिटून पुटपुटले. "वीस मिनिटं. जुळलं." आम्हा दोघांना बरं वाटलं. पण त्या डॉक्टरला कागदावर मिलीमीटर हवे होते. मिनिटांचं त्याला काही कळत नव्हतं. मी बटण दाबलं. मशीननं चाकाचा व्यास विचारला. मी टायरवरून वाचून, हिशेब करून सहाशे वीस टाकला आणि कागद काढला.

कागदावर आकडा आला तीन पॉइंट सहा.

काकांनी तो माझ्या हातातून घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "खोटंय हे. तुमचं मशीन खोटं बोलतंय."

आता मला कुणी असं म्हटलं तर मी ऐकून घेणार आहे का? "काही खोटं नाही!" मी त्या डॉक्टरसमोरच ओरडले. "मी स्वतः मोजलंय, काका!"

त्यांचं तोंड एकदम उतरलं. कागद हातात तसाच राहिला.  त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कुठं?"

एवढ्या वर्षांत हजारदा त्यांनी मला कशात म्हणून विचारलं असेल. कुठं म्हणून पहिल्यांदा विचारलं.

"कुठं म्हणजे? चाकाला."

"चाकाला कुठं? रिमला का टायरला?"

मी मशीनमध्ये बघितलं. व्यास रिमचा टाकायचा असतो, मी सवयीनं टायरचा टाकला होता. चूक माझीच. मी तसं सांगितलं. काका खाली उकिडवे बसले आणि खडूनं फरशीवर एक वर्तुळ काढलं, त्याच्या बाहेर दुसरं मोठं. आतल्यावर लिहिलं चारशे बत्तीस. बाहेरच्यावर सहाशे वीस. मधून एक तिरकी रेघ ओढली. ती रेघ आतल्या वर्तुळाशी अडीच मिलीमीटर सरकत होती आणि बाहेरच्या वर्तुळाशी तीन पॉइंट सहा. कोन एकच, वीस मिनिटं. मला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"तो टायरवर रेघ मारायचा," काका म्हणाले. "मी त्याच्या शेजारी उभा राहून रोज बघायचो. आणि मी रिमला पट्टी लावायचो, तेही तो रोज बघायचा."

डॉक्टर म्हणाला, "काही प्रॉब्लेम आहे का गाडीत?"

"गाडीत नाही, साहेब. गाडी तेव्हाही बरोबर होती." आणि मग माझ्याकडं वर बघून म्हणाले, "त्यानं मोजलं होतं, बाई. त्यानं खरंच मोजलं होतं." फरशीवर बसून तो माणूस रडला. मी त्या डॉक्टरला हाताला धरून बाहेर नेलं आणि चहा पाजला.

मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी कन्नडची एसटी पकडतील. कशाचं काय! एक रविवार गेला, दुसरा गेला. दर सोमवारी मी विचारायची, गेलात का? तर म्हणायचे, गुडघा दुखत होता. एसटी चुकली. पाव्हणे आले होते. त्यांच्याकडं कोण पाव्हणे येणार? तिसऱ्या सोमवारी मी डबा खायला नकार दिला. म्हटलं, "तुमचा आकडा चुकीचा असता तर अनवाणी जाणार होतात ना?"

"तेच तर अवघड झालंय," ते म्हणाले. "माझा चुकीचा असता तर सोपं होतं. चुकलो म्हटलं असतं आणि पाय धरले असते. आता तिथं जाऊन काय सांगू? दोघंही बरोबर होतो, हे? मग ती कशासाठी ओवाळत बसली वर?"

 शनिवारी मी त्यांना दोन तिकिटं काढायला सांगून टाकलं. "मी येते. खिडकी माझी."

कन्नडला उतरून पुढं जीपनं गेलो. मेव्हण्याचं घर शेतातच होतं. अंगणात बाजेवर तो लसूण निवडत बसला होता. काकांना बघून उठला. किती केलं तरी बहिणीचा नवरा, त्यानं आधी पायावर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, मग बसा म्हणाला. दाराजवळ दोन खुंट्यांवर तो पाइप आडवा टांगलेला होता. त्याच्यावर कांद्याच्या माळा वाळत घातल्या होत्या.

काकांनी खिशातून खणाचा तुकडा काढला. त्यात पट्टी होती आणि घडी घातलेला कागद होता. त्यावर त्यांनी ती दोन वर्तुळं पुन्हा काढून आणली होती, पेन्सिलीनं, फार स्वच्छ. मेव्हण्यानं कागद हातात घेतला, एकदा बघितला आणि परत दिला.

"म्हाईत हाय मला, दाजी."

"कधीपासून?"

"आठ दिसांत कळलं. ट्रॅक्टरचं चाक बघत व्हतो. रिमला एक आलं, टायरला दुसरं. तिथंच बसलो मातीत."

"मग आला का नाहीस?"

"आल्तो की. बजाजनगरला उतरलो. आपल्या दुकानासमोरच्या टपरीवर च्या पिलो. तुम्ही दोरी गुंडाळत व्हते. म्हटलं, आता वर बघतील, मंग जातो. तुम्ही पट्टी पुसत बसले. दुसरा च्या पिलो. तुम्ही वर बघितलंच नाय. मंग मला राग आला, दाजी. म्हटलं, ह्यांना कळंल तवा येतील ह्ये. माझाबी ताठा."

 मला राहवेना. मी म्हटलं, "आणि त्या? त्या दर भाऊबिजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायच्या."

त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या तोंडावरूनच कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं. हातातला लसूण खाली पडला तो त्यानं उचलला नाही.

"भाऊ जित्ता असून?" तो म्हणाला.

काकांनी मान हलवली.

तो बाजेवर बसला. शेजारच्या शेतात मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. त्यानं पागोट्याचा शेव डोळ्याला लावला आणि विचारलं, "किती झालं आसंल हो, दाजी, ह्ये आसं?"

मी काकांकडं बघितलं. आता कशात म्हणून विचारतील, असं मला खरंच वाटलं. त्यांनी विचारलं नाही. पट्टी खणात गुंडाळत, खाली बघून म्हणाले, "चौदा भाऊबिजा."